९० बाय ४५च्या टेबलावर गेमिंग पीसी: कॅबिनेट कुठलं घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीत विश्रामबागेत भाड्याची खोली, ९० सेंमी रुंद आणि ४५ सेंमी खोल टेबल, तेही भिंतीला टेकवलेलं. २४ इंची मॉनिटर आधीपासून आहे. रायझन ५ ७६०० प्रोसेसर आणि आरटीएक्स ५०६० टीआय ग्राफिक्स कार्ड घ्यायचं ठरलंय. व्हिडिओ बघून दहा लिटरचं एक सुबक सँडविच कॅबिनेट (मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड पाठीला पाठ लावून बसतात ते) मनात भरलंय, कारण दिवाळीला आणि मेच्या सुट्टीत मशीन कोरेगावला घरी न्यायचंय. आणि शेवटी विचारलंय, याहूनही लहान काही मिळेल का?

मिळेल. सात लिटरचीही कॅबिनेट आहेत. पण सांगली-मिरजेत इतकी वर्षं मशीन जोडून देताना जे बघितलं त्यावरून सांगतो, तुमच्या टेबलाला लिटरशी काही देणंघेणं नाही. लिटर म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची. त्यातली उंची हवेत जाते, तिथं तुमचं काही नसतं. लांबी भिंतीकडं जाते, तिथंही तुमचा हात पोचत नाही. हाताला अडचण होते ती फक्त रुंदीची, कारण तेवढीच जागा माऊसच्या हातातून जाते.

आता आकडे बघा. कूलर मास्टरचं एनआर२०० हे छोट्या कॅबिनेटमधलं सगळ्यात ओळखीचं नाव. ते १८.२५ लिटरचं, रुंदी १८.५ सेंमी. लिआन लीचं ए३-एमएटीएक्स २६ लिटरचं, म्हणजे लिटरमध्ये जवळजवळ दीडपट. रुंदी १९.४ सेंमी. फरक एका सेंटीमीटरपेक्षाही कमी! एसुसचं एपी२०१ तर ३३ लिटरचं आहे, तरी रुंदी साडेवीस. उलट बाजूला फ्रॅक्टल टेरा, साधारण १०.४ लिटर, १५.३ सेंमी रुंद. म्हणजे एनआर२००वरून टेरावर उडी मारली तर टेबलावर हातात काय पडतं, तर तीन सेंटीमीटर आणि वर दोन मिलिमीटर. त्यासाठी जो जादा पैसा आणि जी उष्णता सोसायची, त्याचा हिशेब पुढं देतो. तोवर एवढंच लक्षात घ्या की नंबरपॅडवाला कीबोर्ड साधारण ४४ सेंमी असतो आणि बिननंबरपॅडचा ३६. नुसता कीबोर्ड बदलला की आठ सेंटीमीटर सुटतात. ९० मधून कॅबिनेटचे १९ वजा केले, छोट्या कीबोर्डचे ३६ वजा केले, तरी माऊसला ३५ सेंमी उरतात. नेमबाजीच्या गेमला कमी डीपीआयवर (माऊसचा वेग कमी ठेवून) हात लांब फिरवणाऱ्यालाही एवढी जागा चालते. २४ इंची मॉनिटर साधारण ५४ सेंमी रुंद, तो आणि कॅबिनेट शेजारी शेजारी ७३-७४ सेंमीत बसतात.

कंपन्यांच्या लिटरवर आणखी एका कारणानं विसंबू नका. एनआर२००चे १८.२५ लिटर लिहिलेले असतात ते पाय आणि बाहेर आलेले भाग सोडून. पाय, मागची कड धरून ३७.६ बाय १८.५ बाय २९.२ सेंमीचा गुणाकार केला तर २० लिटरच्या वर जातो. यात लबाडी नाही, मोजायची पद्धतच तशी पडलीय. पण टेबलावर कॅबिनेट पायांसकट ठेवायचं असतं.

आता खोली, म्हणजे समोरून भिंतीपर्यंतचं अंतर. खरी गोम इथं आहे. कॅबिनेटच्या मागून एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टची पिन बाहेर येते, केबलला वळायला जागा लागते. सहा-सात सेंमी धराच, जाड केबल असेल तर जास्त. एनआर२००चे ३७.६ अधिक ते सात, म्हणजे साडेचव्वेचाळीस. तुमच्या ४५च्या टेबलावर घासून बसतं. ए३ मात्र ४४.३ सेंमी लांब आहे, केबल धरून ५१वर जातं. एपी२०१ ४६. म्हणजे टेबल भिंतीला टेकवून ठेवायचंच असेल तर ही दोन्ही बाद.

पण टेबल भिंतीला टेकवलंच पाहिजे असं कुणी सांगितलंय? चार बोटं पुढं ओढा. केबली त्या फटीत सोडा. मग ए३ तुमच्या टेबलावर बसतं. एपी२०१चं मागचं टोक मात्र सेंटीमीटरभर बाहेर येईल, म्हणून ते मी तुमच्यासाठी सोडून देतो. टेबल घरमालकाचं नसेल तर कोपऱ्यावरच्या सुताराकडून मागच्या कडेला १५ सेंमीची फळी जोडून घेणं हाही उपाय आहे. छोट्या कॅबिनेटपायी जेवढे जादा पैसे जातात त्यापुढं सुताराचं बिल काहीच नाही. हे सांगितलं की पोरं हसतात. त्यांना वाटतं कॉम्प्युटरच्या प्रश्नाचं उत्तर कॉम्प्युटरमध्येच असलं पाहिजे.

जादा पैसे कुठं जातात ते सांगतो. दहा ते वीस लिटरच्या बहुतेक कॅबिनेटमध्ये मिनी-आयटीएक्स मापाचा मदरबोर्डच बसतो, १७ सेंमी बाय १७ सेंमीचा. मायक्रो-एटीएक्स बोर्ड २४.४ बाय २४.४. त्याच चिपसेटचा आयटीएक्स बोर्ड मायक्रो-एटीएक्सच्या दीडपट, कधी दुप्पट किमतीला जातो, आणि त्यात रॅमचे स्लॉट दोनच. एसएमपीएसही (आतल्या भागांना वीज देणारा डबा) नेहमीचा चालत नाही, एसएफएक्स लागतो: १२.५ सेंमी रुंद, १० सेंमी लांब, साडेसहा सेंमीच्या आत जाड. चांगला एसएफएक्स त्याच वॉटच्या मोठ्या एसएमपीएसपेक्षा महाग. हे एकदाच मोजायचे पैसे झाले. पण दोन वर्षांनी बोर्ड गेला तर? मायक्रो-एटीएक्स बोर्ड सांगलीत नाही मिळाला तर कोल्हापुरात मिळतो, फारच झालं तर पुण्याच्या तपकीर गल्लीत नक्की. आयटीएक्ससाठी ऑनलाइन मागवा आणि कुरिअरची वाट बघा. वॉरंटीत बोर्ड गेला की तो परत येईपर्यंत मशीन बंद, कारण तात्पुरता दुसरा बोर्ड कुणाकडं पडलेला नसतो. सेमिस्टरच्या प्रोजेक्टच्या तोंडावर हे झालं की गेमिंगचा विषयच निघत नाही.

उष्णतेकडं येऊ. तुमची यादी तशी शहाणी आहे. रायझन ५ ७६०० जास्तीत जास्त ८८ वॉट घेतो, गेममध्ये बराच कमी. आरटीएक्स ५०६० टीआय १८० वॉटचं. बोर्ड, रॅम, पंखे धरून सगळं मिळून सव्वातीनशे वॉटच्या आसपास. साडेसहाशे वॉटचा एसएमपीएस आरामात पुरतो, मोठ्या आकड्याच्या नादी लागू नका. पण हे सव्वातीनशे वॉट कुठं जातात? सगळे उष्णता होऊन तुमच्याच खोलीत. एप्रिल-मे महिन्यात सांगलीत पारा चाळिशीकडं जातो, भाड्याच्या खोलीत एसी नसतो, वर स्लॅब तापलेला असतो. व्हिडिओत जे तापमान दाखवतात ते बहुधा २०-२२ अंशांच्या थंड खोलीतलं. खोली १६-१८ अंशांनी जास्त गरम असेल तर आतलं तापमानही जवळजवळ तेवढंच वर सरकतं. तिकडं ६८ दाखवणारं कार्ड इथं ८०च्या पुढं पोचतं, आणि मग पंखे बोंबलायला लागतात.

सँडविच रचनेत बोर्ड एका बाजूला, ग्राफिक्स कार्ड दुसऱ्या बाजूला पाठीला पाठ लावून उभं. कार्ड बाजूच्या जाळीतून थेट बाहेरची हवा ओढतं, त्यामुळं कार्डाचं तसं बरं चालतं. हाल होतात प्रोसेसरच्या कूलरचे. टेरामध्ये मधला कणा सरकवता येतो. त्याप्रमाणे कूलरला ४८ ते ७७ मिमी उंची मिळते आणि कार्डाला ४३ ते ७२ मिमी जाडी. एकाला दिलं की दुसऱ्याचं जातं. याउलट एनआर२००मध्ये १५५ मिमीचा उभा टॉवर कूलर बसतो. थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई नेमका १५५ मिमीचा आहे, बाजूचं पॅनेल त्याला घासून बंद होतं. ए३मध्ये मर्यादा १६५ची. मोठा कूलर म्हणजे सावकाश फिरणारा मोठा पंखा. कॅबिनेट टेबलावर, कानापासून हातभर अंतरावर असणार आहे, तेव्हा तापमानाइतकाच आवाजही महत्त्वाचा. रात्री खोलीतला दुसरा पोरगा झोपलेला असतो, त्याचाही विचार करा.

एनआर२०० घेतलंत तर खालच्या बाजूला १२० मिमीचे दोन पंखे हवा आत घेतील असे लावा. कार्ड दोन स्लॉट जाडीचं असेल तर नेहमीचे २५ मिमी जाडीचे बसतात, त्याहून जाड असेल तर १५ मिमीचे पातळ शोधावे लागतात. वर दोन पंखे हवा बाहेर टाकणारे. काच लावायची असेल तर थंडीत लावा, उन्हाळ्यात जाळीचं पॅनेल. आणि बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन ७६००ला इको मोड, म्हणजे कमी विजेवर चालायची सेटिंग, द्या. मर्यादा ८८वरून ६१ वॉटवर येते, गेममध्ये फरक जाणवतही नाही. कार्डाची पॉवर लिमिट ८५ टक्क्यांवर आणली तर फ्रेम थोड्याच कमी होतात, गरमी आणि आवाज मात्र चांगलाच उतरतो. ही दोन कामं फुकटातली आहेत, दोन जादा पंख्यांपेक्षा जास्त उपयोगाची. पंख्यांचा खर्च आधीच धरा, कारण ए३सारख्या कॅबिनेटबरोबर एकही पंखा येत नाही.

धुळीबद्दल बाहेरचे लोक फार बोलत नाहीत, कारण त्यांच्याकडं उसाचा हंगाम नसतो. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की इथं पाचटाची काळी राख हवेत तरंगत येते. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते तीच खिडकीतून कॅबिनेटमध्ये जाते. मार्केट यार्डाकडची मशीन उघडली तर हिटसिंकच्या पात्यांत हळदीचा पिवळा थर बसलेला दिसतो, आणि पावसाळ्याच्या दमटपणानं तो घट्ट झालेला असतो. अशा हवेत गाळणी नसलेलं कॅबिनेट घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. दहा लिटरवाल्यांत गाळणी देणारे कमी. कारण सरळ आहे: गाळणीनं हवा थोडी अडते आणि त्यांच्याकडं आधीच हवेची ओढ असते. कॅबिनेट बघताना खालची आणि वरची गाळणी न खोलता ओढून काढता येते का हे आधी बघा. स्क्रू काढावा लागला की कुणी साफ करत नाही. हंगाम चालू असताना महिन्यातून एकदा, एरवी दोन-तीन महिन्यांनी. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. मोकळा सोडला की तो गरगरा फिरतो आणि बेअरिंग जातं.

मग टेबलाखाली जमिनीवर का नको? राखेचा आणि केसांचा थर सगळ्यात आधी जमिनीलगत बसतो, रोज फरशी पुसताना पाणी उडतं, आणि सांगलीच्या माणसाला २०१९ आणि २०२१चा कृष्णेचा पूर आठवण करून द्यायला नको. तळमजल्यावर राहत असाल तर टेबलावरच बरं.

आता अर्थिंग. कॅबिनेटच्या प्रश्नात हे कुठून आलं असं वाटेल, पण टेबलावरच्या धातूच्या कॅबिनेटला तुमचा हात दिवसातून दहादा लागणार आहे. जुन्या भाड्याच्या खोल्यांत तीन पिनांचा सॉकेट असतो आणि तिसऱ्या भोकामागं वायरच नसते. एसएमपीएसच्या आत गोंगाट गाळायला छोटे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून कॅबिनेटच्या अंगाला जोडलेले. अर्थिंग असेल तर तो किरकोळ प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर कॅबिनेटचं अंग निम्म्या व्होल्टेजला, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत राहतं. प्रवाह फार थोडा असतो, पण मुंग्या येतात, आणि चालू मशीनला एचडीएमआय लावताना पोर्ट जाऊ शकतो. साध्या पत्र्याच्या रंगवलेल्या कॅबिनेटवर रंगामुळं हे कळत नाही. महागड्या ॲल्युमिनियमवर उघड्या कडेला लगेच कळतं, आणि मग गिऱ्हाईक म्हणतं कॅबिनेट खराब आहे. वायरमन बोलावून मल्टिमीटर लावून घ्या: फेज आणि अर्थ यांच्यात २३०च्या आसपास दिसलं पाहिजे. एखादा वायरमन सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून "झालं काम" म्हणेल, त्याला ते करू देऊ नका. न्यूट्रल कुठं तुटला तर अख्ख्या कॅबिनेटला फेज येतो.

सँडविच कॅबिनेट घेणारच असाल तर रायझर केबलचं बघा. कार्ड बोर्डात थेट न बसता या पट्टीवरून जोडलं जातं. कॅबिनेटसोबत आलेली पट्टी कुठल्या पिढीची ते विचारा. ५०६० टीआय पीसीआयईच्या (बोर्ड आणि कार्ड यांना जोडणाऱ्या मार्गाच्या) फक्त आठ लेन वापरतं, त्यामुळं जुन्या जेन ३, म्हणजे तिसऱ्या पिढीच्या, पट्टीवर त्याचं नुकसान सोळा लेनवाल्या कार्डापेक्षा जास्त होतं, विशेषतः ८ जीबीवाल्याचं मेमरी भरल्यावर. (१६ जीबीवालंच घ्या, हे जाता जाता.) जेन ४ पट्टी आणि जेन ५ कार्ड एकत्र आले की कधी कधी स्क्रीन काळीच राहते. बायोसमध्ये स्लॉट हातानं जेन ४वर ठेवला की बहुतेक वेळा सुटतं. रायझरचा धोका किती खरा आहे याचं ठळक उदाहरण एनझेडएक्सटीच्या एच१चं. रायझर बसवणाऱ्या स्क्रूमुळं शॉर्ट होऊन आग लागण्याची शक्यता निघाली आणि २०२१मध्ये अमेरिकेत ते कॅबिनेट रीतसर परत बोलावलं गेलं. आताची कॅबिनेट त्यातून शिकलीत, पण जुनं सेकंडहँड एच१ स्वस्तात मिळतंय म्हणून कुणी घेऊ नये.

कोरेगावला नेण्याबद्दल. वर्षातून दोन फेऱ्यांसाठी वर्षभर महाग आणि गरम मशीन सांभाळणं मला पटत नाही. दर आठवड्याला एसटीनं जा-ये करणार असाल, पाठीवरच्या सॅकमधून न्यायचं असेल, तर टेरासारखं कॅबिनेट घ्या, तिथं त्याला तोड नाही. दोनदाच न्यायचं तर मूळ खोका आणि थर्माकोल जपून ठेवा. एनआर२००ही त्यात घालून गाडीच्या मागच्या सीटवर जातं. निघायच्या आधी कार्ड काढून त्याच्या खोक्यात वेगळं ठेवा. रस्त्याच्या हादऱ्यांनी पीसीआयई स्लॉट तडकतो तो जड कार्ड आडवं लटकत राहिल्यामुळं.

तर तुमच्यासाठी माझी निवड अशी: टेबल चार बोटं पुढं ओढता येत असेल तर ए३-एमएटीएक्स किंवा त्याच मापाचं दुसरं, साधा मायक्रो-एटीएक्स बोर्ड, नेहमीचा एसएमपीएस, आणि वाचलेल्या पैशात १६ जीबीचं कार्ड. ओढता येत नसेल तर एनआर२००, एसएफएक्स ६५० वॉट. तिसरा पर्याय शोधत बसू नका.

कॅबिनेट डाव्या हाताला ठेवायचं की उजव्या, हेही ठरवा. नेहमीच्या रचनेत काच समोरून बघताना डाव्या बाजूला असते. म्हणजे कॅबिनेट उजवीकडं ठेवलं तरच आतलं दिसतं, आणि उजव्या हाताच्या माणसाला माऊस तिकडंच लागतो. डावीकडं ठेवणार असाल तर काचेला आणि दिव्यांना पैसे घालू नका, ते फक्त भिंतीला दिसणार.

ऑर्डर देण्याआधी दुकानातून पुठ्ठ्याचा खोका आणा, कॅबिनेटच्या पायांसकटच्या मापाचा कापून चिकटवा, मागं सात सेंमीचा तुकडा केबलच्या नावानं जोडा आणि आठवडाभर टेबलावर राहू द्या. अभ्यासाची वही कुठं मावते, खिडकी उघडते का, पंख्याचा वारा अडतो का, सगळं कळेल. मग आधी कार्ड ठरवा. ५०६० टीआयची दोन पंख्यांची मॉडेल बहुधा २२ ते २५ सेंमीत बसतात, तीन पंख्यांची काही ३०च्या पुढं जातात आणि या कार्डाला तिसरा पंखा लागतही नाही. लांबीबरोबर जाडी आणि पॉवरची पिन वर किती येते तेही बघा. एनआर२००मध्ये पिन धरून कार्डाची उंची १५६ मिमीच्या आत पाहिजे, नाहीतर पॅनेल लागत नाही आणि केबल दाबली जाते. ही तीन मापं कार्डाच्या पानावरून उतरवून घेतलीत आणि इथं टाकलीत तर बसेल की नाही ते मी सांगतो.